चौथीचे वर्ष हातचे घालवू नका

जूनमध्ये शाळा सुरू होतात, वह्यांना कव्हरे चढतात आणि चौथीतल्या मुलाच्या आईवडिलांना नात्यातले, शेजारचे कुणी ना कुणी विचारतेच, "यंदा स्कॉलरशिपला बसवणार ना?" मधली काही वर्षे हा प्रश्न चौथीच्या पालकांना फारसा येत नव्हता. २०१६-१७ पासून शिष्यवृत्ती परीक्षा पाचवी आणि आठवीला गेली होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्य शासनाने ती पुन्हा चौथी आणि सातवीला आणायचे ठरवले आणि चौथी परत एकदा परीक्षेचे वर्ष झाली.

परीक्षेचे पुढे बोलूच. पण तिच्या आधी विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. आपले मूल न अडखळता वाचते का? वाचलेले त्याला कळते का? बेरीज-वजाबाकी-गुणाकार-भागाकार ते समजून करते, की नुसती रीत पाठ आहे? या प्रश्नांची खरी उत्तरे शोधायला आणि जिथे कच्चे आहे तिथे पक्के करायला चौथीसारखे दुसरे वर्ष नाही. कारण सांगते.

चौथीत कुणालाही नापास करत नाहीत. वर्षभर आकारिक आणि संकलित मूल्यमापन होते, श्रेणी मिळते आणि मूल वर जाते. पाचवीचे तसे राहिलेले नाही. महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. तीत मूल कमी पडले तर पुनर्परीक्षा, आणि तिथेही कमी पडले तर त्याच वर्गात पुन्हा एक वर्ष. म्हणजे पहिलीपासून साचत आलेला कच्चेपणा पाचवीच्या उन्हाळ्यात एकदम उघडा पडतो. घरातले चकित होतात, "चौथीपर्यंत तर ब श्रेणी होती!" श्रेणी होती, पण तिच्या आड काय राहून गेले होते ते कुणी पाहिले नव्हते. केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानाचे उद्दिष्टही तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि पायाभूत गणित यावे असेच आहे. तेव्हा चौथीच्या दारातच ही पाहणी करून घ्यायला हवी, आणि ती घरीही करता येते.

वाचनापासून सुरुवात करू. तिसरीपर्यंत मूल वाचायला शिकत असते. चौथीत ते वाचून शिकेल असे गृहीत धरले जाते. परिसर अभ्यासाचे धडे लांब होतात, वाक्ये जोडवाक्ये होतात, प्रश्नाचे उत्तर एका ओळीत सापडत नाही. अमेरिकेतल्या वाचनतज्ज्ञ जीन चॉल यांनी १९८०च्या दशकात हेच वळण दाखवून दिले होते: तिसरीपर्यंत ठीक चाललेली, विशेषतः घरी पुस्तके नसलेली मुले चौथीत अचानक मागे पडताना दिसतात. अक्षरे ओळखण्यात ती कमी नसतात, त्यांचा शब्दसंग्रह तोकडा पडतो. आपल्याकडेही चौथीच्या वर्गात बसलेल्या कुणालाही हे दिसेल.

तपासायचे कसे? वर्गात झालेला धडा मुळीच वाचायला देऊ नका. तो बऱ्याच मुलांना ऐकून ऐकून पाठ असतो आणि डोळे पानावर ठेवून ती तो म्हणून दाखवतात. न पाहिलेला मजकूर द्या. स्वतःच चार ओळी लिहा, उदाहरणार्थ अशा:

सलग तीन दिवस पाऊस पडत होता. ओढ्याला पूर आला. गावातली मुले शाळेत जाऊ शकली नाहीत. गुरुजी मात्र डोंगराकडच्या वाटेने वेळेवर पोचले.

मुलाला मोठ्याने वाचू द्या आणि मध्ये टोकू नका, फक्त लक्ष ठेवा. जोडाक्षरापाशी थांबते का? 'शकली' हे 'शकले' वाचते का, म्हणजे शब्दाचा शेवट अंदाजाने उरकते का? पूर्णविरामाला थांबते का? मग कागद उलटा ठेवा आणि विचारा. पाऊस किती दिवस पडला, याचे उत्तर बहुतेक मुले देतील. पुढचा प्रश्न महत्त्वाचा: मुले शाळेत का गेली नाहीत? 'पूर आला म्हणून' असे मजकुरात कुठेही लिहिलेले नाही, दोन वाक्ये मनात जोडावी लागतात. त्याच्याही पुढचा: शाळा ओढ्याच्या अलीकडे असेल की पलीकडे? आणि गुरुजी गावातच राहत असतील का? जे मूल डोळ्यांपुढे ओढा, गाव, शाळा उभी करते ते इथे रमते, वाद घालते, कागदावर रेघा मारून दाखवते. जे फक्त अक्षरे वाचते ते 'तीन दिवस' हेच उत्तर परत देते किंवा गप्प बसते. हा गप्पपणा म्हणजे मठ्ठपणा नव्हे. वाचता वाचता चित्र उभे करायचे असते हेच त्याला अजून कुणी दाखवलेले नाही.

उपाय फार साधा आहे आणि तोच सगळ्यात कमी होतो. रोज पंधरा-वीस मिनिटे मुलाबरोबर बसून वाचायचे. एक पान तुम्ही, एक पान त्याने. तुम्ही वाचाल तेव्हा ते चढउतार ऐकते, नवे शब्द कानावर पडतात. मध्येच थांबून 'आता पुढे काय होईल?' एवढे विचारायचे, प्रश्नोत्तरांचा तास करायचा नाही. पाठ्यपुस्तकाबाहेरचे वाचा. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते आहे आणि ते या वयाला नेमके बसते. भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे' आधी तुम्ही वाचून दाखवा, चार प्रकरणांनंतर मूलच पुस्तक ओढून घेईल. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट आहेत, पातळीनुसार लावलेल्या आहेत, मोबाइलवरही उघडतात. जोडाक्षरांवरच गाडी अडत असेल तर लाज न बाळगता दुसरीचे पुस्तक काढा. फक्त 'दुसरीतल्या मुलाएवढेही येत नाही तुला' हे वाक्य तोंडातून जाऊ देऊ नका. घरात धाकटे भावंड असेल तर 'त्याला वाचून दाखव' म्हणावे. काम तेच होते आणि मान राहतो.

मूल इंग्रजी माध्यमात असेल तर आणखी एक गोष्ट करा. शास्त्राचा धडा त्याने इंग्रजीत वाचला की तुम्हाला मराठीत समजावून सांगायला सांगा. बाष्पीभवन हा शब्द आला नाही तरी चालेल. दोरीवरचे ओले कपडे कसे वाळतात हे त्याला आपल्या भाषेत सांगता आले तर धडा समजला आहे. इंग्रजी वाक्ये जशीच्या तशी म्हणून दाखवली आणि मराठीत काहीच सांगता आले नाही, तर ते पाठांतर आहे. ज्या घरात मराठी बोलतात त्या घराला ही तपासणी आयती उपलब्ध आहे, ती वाया घालवू नका.

लेखनाबद्दल थोडक्यात. 'माझा आवडता पक्षी' हा फळ्यावरून उतरवलेला निबंध म्हणजे लेखन नव्हे. आठवड्यातून एकदा मुलाने स्वतःच्या मनाच्या सहा-सात ओळी लिहाव्यात. मामाला पत्र, शाळेतले भांडण, हरलेली मॅच, काहीही. शुद्धलेखनाच्या लाल रेघा मारू नका. एखादाच शब्द दुरुस्त करून द्या.

आता गणित. इथे मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण चौथीत मूल गणितात हरवते ते एकदम नाही, दोन-तीन ठरावीक ठिकाणी हरवते, आणि त्या जागा पालकांना ओळखता येतात.

पहिली जागा, शून्याची वजाबाकी. मुलाला ५००३ वजा १२६७ करायला द्या. उत्तर ३७३६ आले तर छान. ४२६४ आले तर मुलाने काय केले ते बघा. प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आहे: सातातून तीन गेले चार, सहातून शून्य गेले सहा, दोनातून शून्य गेले दोन, पाचातून एक गेला चार. हा निष्काळजीपणा नाही. ५००३ म्हणजे पाच हजार आणि तीन, त्यातला एक हजार मोडला की दहा शतके मिळतात, हे त्याला दिसलेले नाही. त्याच्यापुढे शंभर उदाहरणे टाकून काही होणार नाही. खेळातल्या नोटा घ्या, कागदाच्या कापून केल्या तरी चालतील: हजाराच्या पाच, आणि रुपयाची तीन नाणी. "यातून मला बाराशे सदुसष्ट रुपये दे," म्हणा. सात रुपये सुटे देता येईनात की ते आपोआप हजाराची नोट मोडायला निघेल, मग शंभराची, मग दहाची. दोन-तीन दिवस हा व्यवहार झाल्यावर वहीवर या. त्या वेळी हातचा ही कागदावरची खूण राहत नाही, मोडलेली नोट होते.

दुसरी जागा भागाकारातले शून्य. ६१२ भागिले ६. कितीतरी मुले बारा उत्तर लिहितात. सहा एके सहा, मग एकाला सहाने भाग जात नाही म्हणून दोन खाली घेतले, सहा दुणे बारा, संपले. भागाकारात शून्य लिहायचे राहून गेले. इथे नियम सांगण्याआधी अंदाज विचारा: "सहाशे रुपये सहा जणांत वाटले तर एकेकाला किती?" शंभर, हे मूल लगेच सांगते. "मग सहाशे बारा वाटले तर बाराच कसे येतील?" स्वतःचे उत्तर स्वतःला खटकले की मूल परत जाऊन पाहते. उत्तर येण्याआधी अंदाज करायची ही सवय चौथीत लागली तर पुढे दहावीपर्यंत पुरते.

तिसरी जागा अपूर्णांक. एक चतुर्थांश मोठा की एक अष्टमांश, असे विचारले की आठ मोठा म्हणून एक अष्टमांश मोठा, असे उत्तर येते. भाकरी मोडून दाखवा. दोन सारख्या भाकऱ्या, एकीचे चार भाग, दुसरीचे आठ, आणि 'भूक लागलीय, कोणता तुकडा घेशील?' एवढा एकच प्रश्न. मराठी घरात तर अपूर्णांक रोज बोलले जातात. पाव किलो साखर, पाऊण तास, सव्वा रुपया, अडीच लिटर. चौथीच्या मुलाला वाण्याकडे पाठवा, पाव किलो म्हणजे किती ग्रॅम आणि पाऊण किलो म्हणजे किती, हे जाताना विचारा, आल्यावर बिल आणि सुटे पैसे त्यालाच जुळवू द्या. आजोबांना पावकी-दिडकी, म्हणजे अपूर्णांकांचे जुने पाढे, येत असतील तर त्यांच्यासमोर बसवा, मुलांना हा खेळ फार आवडतो.

शाब्दिक उदाहरण वाचून मूल जर लगेच 'बेरीज करू की वजाबाकी?' असे विचारत असेल तर ते उदाहरण वाचतच नाही, फक्त आकडे उचलते आहे. त्याला क्रिया सांगू नका. "काय झाले ते मला गोष्टीसारखे सांग," म्हणा. किंवा उलट करा: '४५ गुणिले ६' एवढेच द्या आणि त्यावर उदाहरण तयार करायला सांगा. ज्याला उदाहरण रचता येते त्याला सोडवताही येते. पाढे पाठ हवेतच, निदान दहापर्यंतचे उलटसुलट विचारले तरी सांगता येतील असे. सातआठे विचारल्यावर मूल सात एके सातपासून सुरुवात करत असेल तर भागाकार करताना त्याचा सगळा जीव पाढ्यातच अडकतो. रोज पाच मिनिटे, चालता बोलता, स्वयंपाक करता करता विचारले तरी दिवाळीपर्यंत होऊन जाते.

परिसर अभ्यासाचा दुसरा भाग, म्हणजे शिवछत्रपतींचा इतिहास, ही महाराष्ट्रातल्या चौथीची अनेक पिढ्यांची ओळख आहे. आज आजी-आजोबा असलेल्यांनाही चौथीचे हे पुस्तक आठवते. मुलाच्या आयुष्यात कालक्रमाने, एकापाठोपाठ एक घडलेला असा इतिहास पहिल्यांदाच येतो. त्यामुळे फक्त स्वाध्याय सोडवून घेणे म्हणजे हातात आलेला आनंद सोडून देणे. एका लांब कागदी पट्टीवर वर्षे लिहा: १६३० शिवनेरीवर जन्म, १६५९ प्रतापगड, १६६० पन्हाळ्याहून विशाळगड, १६६६ आग्रा, १६७४ रायगडावर राज्याभिषेक. पट्टी भिंतीवर लावा आणि बाजूला महाराष्ट्राचा नकाशा. धडा होईल तसे ठिकाण शोधू द्या. पन्हाळा आणि विशाळगड यांच्यात किती अंतर आहे, ते पावसाळ्यातल्या रात्री तुडवायचे म्हणजे काय, हे नकाशावर बोट फिरवताना मूल विचारतेच. दिवाळीचा किल्ला तर करायचाच आहे, यंदा नुसता मातीचा ढिगारा करून त्यावर मावळे न मांडता प्रतापगड करा: माची कुठे, बालेकिल्ला कुठे, भेटीचा शामियाना गडाच्या कोणत्या अंगाला होता, हे पुस्तकातून शोधून. आणि शक्य असेल तर सुट्टीत एक गड प्रत्यक्ष चढून या.

एक व्यवहाराची सूचना. राज्यात नव्या शैक्षणिक धोरणानुसार अभ्यासक्रम आणि पुस्तके टप्प्याटप्प्याने बदलत आहेत. थोरल्या भावंडाची किंवा शेजारची जुनी पुस्तके, मार्गदर्शके घेण्याआधी यंदाची यादी शाळेतून घ्या.

आता शिष्यवृत्ती. परीक्षा महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. रूढ स्वरूप असे: दोन पेपर, प्रत्येकी १५० गुण, प्रत्येकी ७५ प्रश्न, प्रत्येकी दीड तास. पहिल्यात प्रथम भाषा आणि गणित, दुसऱ्यात इंग्रजी आणि बुद्धिमत्ता चाचणी. गणित आणि बुद्धिमत्ता यांना प्रत्येकी १०० गुण, दोन्ही भाषांना पन्नास-पन्नास. सगळे पर्यायी प्रश्न, उत्तरपत्रिकेत गोल काळे करायचे. म्हणजे एका प्रश्नाला सव्वा मिनिटही येत नाही. हे गणित पाहिले की लक्षात येते, वाचनाचा वेग नसलेल्या मुलाला कितीही सराव दिला तरी पेपर पुरा होणार नाही, आणि पाढे अडणाऱ्या मुलाला तर नाहीच. म्हणूनच वर एवढे सांगितले.

माझे मत स्पष्ट आहे. परीक्षा चांगली आहे, प्रश्न विचार करायला लावतात, आणि गावाकडच्या कितीतरी मुलांना आपण हुशार आहोत हे पहिल्यांदा या परीक्षेनेच सांगितले आहे. पण तिच्यासाठी नऊ वर्षांच्या मुलाचे संध्याकाळचे खेळणे बंद करणे, शाळा सुटल्यावर दोन-दोन तास क्लासला बसवणे, रविवारी सरावपेपरांची रांग लावणे, हे मला मान्य नाही. पहिले सत्र शाळेच्या अभ्यासाला आणि वाचनाला द्या. बुद्धिमत्तेची कोडी जेवताना, प्रवासात एकमेकांना घाला, आरशातले घड्याळ, गटात न बसणारे पद, सांकेतिक भाषा, मुलांना ती आवडतातच. दिवाळीनंतर पाया पक्का वाटला तर आठवड्याला एक वेळ लावून पेपर, आणि त्यानंतर चुकलेल्या प्रश्नांवर निवांत गप्पा. पेपर किती सोडवले याला महत्त्व नाही, चुकलेल्या प्रश्नावर किती वेळ दिला याला आहे. मूल सकाळी पोट दुखते म्हणू लागले, आवडीचे पुस्तक उघडेनासे झाले, गुण लपवू लागले तर त्या वर्षी परीक्षा सोडून द्या. पुढे सातवीला आहेच. आणि शिष्यवृत्त्यांची संख्या ठरावीक असते. चांगले गुण मिळूनही नाव यादीत न येणे हे हजारो मुलांच्या बाबतीत घडते, हे मुलाला निकालाच्या दिवशी न सांगता आधीच सांगून ठेवा.

अभ्यासात खूप कष्ट घेऊनही मूल वाचनातच अडकत असेल, ब-भ, ट-ठ यांची अदलाबदल थांबत नसेल, तोंडी सगळे येते आणि लिहिताना काहीच उतरत नाही असे असेल, तर ते आळशी आहे असे म्हणत बसू नका. ती अध्ययन अक्षमता असू शकते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये तिची नोंद आहे आणि वयाची आठ वर्षे पूर्ण झाल्यावर तिची रीतसर तपासणी होऊन प्रमाणपत्र मिळते, त्यावर परीक्षेत सवलती मिळतात. चौथी ही तपासणीची अगदी योग्य वेळ. आधी शाळेतल्या शिक्षकांशी बोला, मग सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चौकशी करा. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात यासाठी वेगळे केंद्र आहे. तपासणीच्या आधी डोळे आणि कान मात्र दाखवून घ्या. फळ्यावरचे दिसत नाही म्हणून शेजारच्याच्या वहीतून उतरवणारी मुले 'कॉपी करतो' म्हणून बोलणी खातात. मुलांना स्वतःला कळत नाही की आपल्याला धूसर दिसते, त्यांना वाटते सगळ्यांना असेच दिसते.

तब्येतीचे बाकीचे भराभर. दहा वर्षे पूर्ण झाली की धनुर्वात-घटसर्पाची टीडी लस द्यायची असते, ती राहून जाते. या वयाला रात्री नऊ तास तरी झोप हवी. राज्यात चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊनंतर भरवण्याचा आदेश याच कारणाने निघाला. पाचवीत शाळा सकाळची झाली तर झोपेचे वेळापत्रक आधीपासून बदलावे लागेल. दप्तर मुलाच्या वजनाच्या एक दशांशापेक्षा जड नको, एकदा काट्यावर ठेवून बघाच.

मुलींच्या आयांना एक सांगणे. नऊ-दहाव्या वर्षी शरीरातले बदल सुरू होणे हल्ली नवल नाही, काही मुलींना पाळीही चौथी-पाचवीतच येते. तिला ती शाळेच्या स्वच्छतागृहात पहिल्यांदा कळू नये. साध्या शब्दांत, न लाजता, आधीच सांगा, आणि दप्तरात एक पॅड कसे ठेवायचे, बाईंना काय सांगायचे, हेही सांगा. मुलग्यांनाही हे माहीत असावे, म्हणजे वर्गात खिदळणे होत नाही. मुलगा असो की मुलगी, कुणी नको तिथे हात लावला, 'कुणाला सांगू नकोस' म्हणाले, तर घरी येऊन सांगायचे आणि सांगितल्यावर घरचे रागावणार नाहीत, ही खात्री याच वयात द्यायला हवी. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक त्यांना पाठ असावा.

या वयात मूल स्वतःची इतरांशी तुलना करायला लागते. पहिलीत सगळ्यांनाच आपण हुशार वाटतो, चौथीत कोण वर आणि कोण खाली हे वर्गाला ठाऊक असते. अशा वेळी घरात सहज बोललेले 'याला गणिताचे डोकेच नाही, आमच्या घराण्यात कुणालाच नाही' हे वाक्य मूल खरे धरून चालते. मित्र महत्त्वाचे होतात, गुपिते येतात, दोघींची तिसरीशी कट्टी होते. त्यात लगेच उडी घेऊ नका, ऐकून घ्या. पण रोज एकाच मुलाचे नाव, फाटलेली वही, हरवलेला डबा असे दिसू लागले तर शिक्षकांना भेटा. पालकसभेत 'अभ्यासात कसा आहे?' असे विचारले की 'ठीक आहे' हेच उत्तर मिळते. त्याऐवजी विचारा: न समजल्यावर तो हात वर करतो का? मधल्या सुट्टीत कुणाबरोबर असतो? पायाभूत चाचणीत नेमक्या कोणत्या क्षमता कच्च्या निघाल्या? शिक्षकांना असा प्रश्न आवडतो, कारण त्यावर काही करता येते.

राहिला पाचवीचा प्रश्न, आणि तो दुसऱ्या सत्रातच घ्यायला हवा. जिल्हा परिषदेच्या बऱ्याच शाळा चौथीपर्यंतच आहेत, काहींना पाचवी जोडली आहे. तुमच्या शाळेत पाचवी आहे का, नसेल तर कुठे, किती लांब, एसटी कितीची, हे मार्चच्या आत पाहून या, मुलालाही बरोबर न्या. ग्रामीण भागातल्या मुलींना पाचवीपासून शाळेसाठी अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा मोफत पास मिळतो, तो शाळेमार्फत काढायचा असतो. पाचवीत हिंदी हा नवा विषय असतो, त्याची चिंता नको, लिपी तीच आहे.

नवोदय विद्यालयाचा विचार असेल तर ही गोष्ट आत्ताच माहीत असू द्या. तिथला प्रवेश सहावीला असतो, परीक्षा पाचवीत असताना द्यायची, आणि ती एकदाच देता येते. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातल्या मुलांसाठी असतात, पण त्यासाठी तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षे ग्रामीण भागातल्या मान्यताप्राप्त शाळेत पुरी झालेली लागतात. शिवाय ज्या जिल्ह्यात अर्ज करायचा त्याच जिल्ह्यात पाचवी सुरू असावी लागते. 'चांगल्या शाळेसाठी' म्हणून चौथीत मुलाला तालुक्याच्या शहरात आणणारे पालक ही ग्रामीण जागा नकळत गमावतात.

शाळा बदलणार असाल तर मेची सुट्टी लागण्याआधी मुख्याध्यापकांकडे जाऊन जनरल रजिस्टरमधली मुलाची नोंद बघायला मागा. नाव, वडिलांचे नाव, आईचे नाव, आडनाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, धर्म, जात, सगळे अक्षर न् अक्षर जन्मदाखला आणि आधारशी ताडून पाहा. जातीचा दाखला काढताना आणि पुढे पडताळणीच्या वेळी प्राथमिक शाळेतली ही नोंदच मागितली जाते. चूक असेल तर मूल त्या शाळेत आहे तोवर पुराव्यासह अर्ज द्या. एकदा दाखला निघून मूल दुसरीकडे गेले की त्याच दुरुस्तीसाठी शिक्षणाधिकारी कार्यालयाचे हेलपाटे पडतात. शाळा सोडल्याचा दाखला हातात आल्यावर तो तिथेच पूर्ण वाचा, त्याबरोबर चौथीचे प्रगतिपुस्तक आणि शासनाच्या सरल प्रणालीतला विद्यार्थ्याचा क्रमांक लिहून घ्या, दोन झेरॉक्स काढा, आणि मूळ प्रत नव्या शाळेत देताना पोच घ्या.